ॲनिमेशनपट आणि त्यांचे पुढचे भाग : बडोद्याच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा आणि मांजलपूर या भागांत राहणारी आम्ही काही मराठी कुटुंबे गेली काही वर्षे सुट्टी पाहून मुलांसह एकत्र पिक्चरला जातो आणि नंतर कोणाच्या तरी घरी बसून त्यावर बोलतो. त्या बोलण्याची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. नव्याने येणारे पालक साधारण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. ही मते आमच्या ओळखीतल्या घरांची आहेत आणि जेथे निर्णय दिला आहे तेथे तो माझा आहे.

एकाच घरातल्या माणसांची पुढच्या भागाबद्दलची मते इतकी वेगळी का असतात?

मोठी माणसे पुढचा भाग पाहताना मनात पहिला भाग घेऊन बसलेली असतात आणि पडद्यावरचे प्रत्येक दृश्य त्याच्याशी ताडून पाहतात, तर लहान मूल ओळखीच्या कोणाला तरी भेटायला आलेले असते. पाहुणा मागच्या खेपेसारखाच बोलला, हसला, तर मुलाचे समाधान होते. मोठ्यांना मात्र त्याने या वेळी काही नवे सांगावे असे वाटते. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण त्या एकाच चित्रपटाकडून एकाच वेळी पुऱ्या होणे कठीण असते.

‘कुंग फू पांडा ४’ हे याचे चांगले उदाहरण आहे. तो मार्च २०२४ मध्ये आला आणि त्याच्या आधीचा भाग २०१६ चा होता. नायक पांडा पो याच्या सोबत लढणारे वाघीण, माकड, साप, बगळा आणि प्रार्थनाकीटक हे पाच साथीदार चौथ्या भागात जवळजवळ दिसतच नाहीत. ही गोष्ट कॉलेजात जाणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना फार लागली, कारण ती पाच पात्रे त्यांच्या लहानपणाचा आणि उमेदीच्या वर्षांचा भाग होती. आमच्या गटातील सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र ही उणीव जाणवलीच नाही. तिसरा भाग आला तेव्हा त्यांचा जन्मही झालेला नव्हता, त्यामुळे पो आणि नवी कोल्हीण एवढी जोडी त्यांना पुरेशी होती. अशा वेळी थोरल्या भावाने धाकट्याला “तुला काही कळत नाही” असे म्हणू नये, कारण दोघांनी पाहिलेले चित्रपट खरोखरच वेगळे असतात.

मुलाचे खरे मत कसे ओळखावे?

थिएटरच्या दारात “आवडला का?” असे विचारून काहीच हाती लागत नाही. त्या वेळी प्रत्येक मूल “हो” म्हणते, कारण अजून तोंडात पॉपकॉर्न असतात आणि घरी जाण्याची इच्छा नसते. माझा अनुभव असा आहे की मुलाचे मत चार दिवसांनी त्याच्या खेळात दिसते.

माझी आठ वर्षांची भाची, एका मुलीच्या मनातल्या भावनाच पात्रे असलेला ‘इनसाइड आउट २’ पाहून आली, तेव्हा “छान होता” यापलीकडे काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तिने स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा जमिनीवर उघडून ठेवला होता. हळदीची वाटी म्हणजे आनंद आणि तिखटाची वाटी म्हणजे राग, हे तिने आधीच ठरवले होते. चित्रपटात चिंता हे पात्र नारिंगी रंगाचे आहे आणि डब्यात नारिंगी असे काही नव्हते. म्हणून तिने मोहरीची वाटी रिकामी केली, तिच्यात चमचाभर हळद आणि चमचाभर तिखट कालवले आणि रंग जमल्यावर आईला विचारले, “आनंदात राग मिसळला की चिंता होते का?” आईचा मसाला वाया गेला, पण त्या चित्रपटाबद्दल आमच्या बैठकीत झालेल्या साऱ्या चर्चेत इतके नेमके वाक्य कोणीही बोलले नव्हते.

याच्या उलटही घडते. काही चित्रपट पाहताना मुले खदखदून हसतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खेळात, चित्रांत, बोलण्यात त्यातले एकही पात्र उरलेले नसते. म्हणून पालकांना माझे सांगणे असते की लगेच मत मागू नये. मुलाला खेळू द्यावे, चित्र काढू द्यावे आणि आपण जवळपास असावे. प्रेक्षकांचे मत म्हणून आपण जे वाचतो ते बहुतेक मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेले असते. ज्यांच्यासाठी चित्रपट बनला त्यांचे मत त्यात क्वचितच येते, आणि ही उणीव मला फार मोठी वाटते.

अलीकडच्या पुढच्या भागांपैकी कोणता सर्व वयांच्या माणसांना पटला?

आमच्याकडे ‘इनसाइड आउट २’ या नावावर सर्वांत कमी मतभेद झाले. पहिला भाग २०१५ चा, दुसरा जून २०२४ चा. मधल्या नऊ वर्षांत कथेतली रायली अकरा वर्षांची होती ती तेरा वर्षांची झाली आणि तिच्या मनात चिंता, मत्सर, कंटाळा आणि संकोच या नव्या भावना राहायला आल्या. हा चित्रपट जगभरात सुमारे १७० कोटी डॉलरचा गल्ला करून त्या वर्षीचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला, यामागे पहिल्या भागाची पुण्याई आहेच. परंतु मुख्य कारण मला असे दिसते की पात्राबरोबर प्रेक्षकही वाढला होता. पहिला भाग आईच्या मांडीवर बसून पाहिलेली मुलगी दुसरा भाग पाहायला आली तेव्हा तिची दहावी जवळ आली होती. हॉकीच्या सामन्यात रायलीला श्वास घेता येईनासा होतो, त्या दृश्याच्या वेळी आमच्या रांगेतल्या दोन मोठ्या मुली अगदी गप्प झाल्या होत्या आणि धाकटी मुले “काय झालं तिला?” असे विचारत होती. एकाच दृश्याने एका वयाला उत्तर दिले आणि दुसऱ्या वयाला प्रश्न दिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘झूटोपिया २’ बद्दलही चांगले बोलले गेले. तेथेही दोन भागांत नऊ वर्षांचे अंतर आहे, पण कथेत फारसा काळ गेलेला नाही. सशीण आणि कोल्हा यांची पोलिसातली जोडी नवी आहे आणि त्यांचे एकमेकांशी जमत नाही. वडीलधाऱ्यांना सापाच्या रहस्यापेक्षा या दोघांच्या भांडणात जास्त रस वाटला, कारण जोडीने काम करणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे आहे.

म्हणजे पात्रांचे वय वाढलेच पाहिजे का?

असा नियम नाही. ‘द इन्क्रेडिबल्स’ २००४ चा आणि त्याचा दुसरा भाग २०१८ चा. मध्ये चौदा वर्षे गेली, तरी दुसरा भाग पहिला जेथे संपतो त्याच क्षणापासून सुरू होतो आणि बाळ बाळच राहते. ज्यांनी दोन्ही भाग एकाच सुट्टीत पाठोपाठ पाहिले त्यांना ते आवडले. चौदा वर्षे वाट पाहिलेल्या माझ्या भावाला मात्र आपण एकटेच म्हातारे झालो असे वाटले. ‘डेस्पिकेबल मी’ मधल्या पिवळ्या मिनियन्सचे वय तर कधीच वाढत नाही आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही.

‘टॉय स्टोरी’चे उदाहरण वेगळे आहे. पहिला भाग १९९५ चा. तिसऱ्या भागात, म्हणजे २०१० मध्ये, खेळण्यांचा मालक अँडी कॉलेजला जातो आणि आपली खेळणी एका लहान मुलीला देऊन टाकतो. ज्या पिढीने पहिला भाग बालवाडीत पाहिला ती तेव्हा खरोखरच घर सोडत होती, त्यामुळे कथा तेथे पूर्ण झाली असे माझ्यासह अनेकांचे मत आहे. त्यानंतर २०१९ मध्ये चौथा भाग आला आणि पाचव्यासाठी जून २०२६ ही तारीख जाहीर झाली. मी ते भाग वाईट मानत नाही, पण निरोप एकदा मनापासून घेतल्यावर पुन्हा पुन्हा दारात येऊन उभे राहिले की त्या निरोपाचे मोल कमी होते.

निराशा कोणत्या पुढच्या भागाने केली?

गटातील सर्वाधिक तक्रारी ‘मोआना २’ बद्दल होत्या. येथे एक गोष्ट माहीत असणे उपयोगी आहे: हा भाग मुळात ओटीटीवरची मालिका म्हणून बनत होता आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा चित्रपट होणार असल्याचे जाहीर झाले, नोव्हेंबरमध्ये तो थिएटरात आलाही. हे कळल्यावर अनेकांना आपल्या असमाधानाचे कारण सापडले. होडीवर एकदम तीन नवे सोबती येतात, प्रत्येकाची थोडी ओळख होते आणि कोणाचीच पुरती होत नाही. मालिकेच्या सहा-आठ भागांत ज्यांना जागा मिळाली असती त्यांना पावणेदोन तासांत दाटीवाटीने बसावे लागले आहे. पहिल्या भागातील गाण्यांमध्ये ज्यांचा मोठा वाटा होता ते लिन-मॅन्युएल मिरांडा या खेपेस नाहीत, आणि गाणी ओठांवर राहिली नाहीत असे आमच्या घरांतील गाणाऱ्या मुलींनी स्वतःहून सांगितले.

तरीही या चित्रपटाने जगभरात १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. यावरून “मग आपलेच मत चुकीचे का?” असे एका वडिलांनी विचारले होते. मत चुकीचे नाही. तिकीट आधी काढले जाते आणि मत नंतर बनते. पुढच्या भागाची पहिल्या आठवड्याची कमाई म्हणजे बहुधा पहिल्या भागाला मिळालेली दाद असते.

पहिला भाग पाहिल्याशिवाय पुढचा पाहिला तर चालेल का?

बहुतेक वेळा चालते. ‘डेस्पिकेबल मी ४’ किंवा ‘कुंग फू पांडा ४’ पाहण्यासाठी कसलाही अभ्यास लागत नाही. ‘इनसाइड आउट २’ च्या आधी पहिला भाग पाहिलेला बरा, कारण मनाच्या आतले ते नियंत्रण-कक्षाचे जग तेथे सावकाश समजावून दिले आहे. ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ मात्र पहिला भाग न पाहता दाखवू नये.

काही चित्रपट गोष्ट अर्धवट ठेवून संपतात. मुलांना ते कसे समजवावे?

वर सांगितलेला ‘स्पायडर-व्हर्स’ जून २०२३ मध्ये आला. तो दोन तास वीस मिनिटे चालतो आणि ऐन रंगात आल्यावर थांबतो. तिसरा भाग २०२७ साठी जाहीर झाला आहे. दिवे लागले तेव्हा आमच्यातील एक नऊ वर्षांचा मुलगा मध्यंतर झाले असे समजून खुर्चीतच बसून राहिला. संपले आहे हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते पाणी रागाचे होते. चित्रपट म्हणून मी तो फार वरचा मानतो, प्रत्येक विश्व वेगळ्या चित्रशैलीत रंगवण्याचे त्याचे धाडस अपूर्व आहे. पण तिकीट विकताना ही गोष्ट अर्धी आहे हे स्पष्ट सांगायला हवे होते. मुलांना निघण्यापूर्वीच “ही गोष्ट आज पूर्ण होणार नाही” असे सांगून ठेवावे. आजीच्या गोष्टी रात्री अर्ध्यावर थांबत आणि उद्या पुढे सरकत, ते मुलांना मान्य असे. पण तेव्हा उद्या म्हणजे उद्याच असे, चार वर्षांनी नव्हे.

कोणत्या भाषेतला शो निवडावा? इंग्रजी, हिंदी, की आणखी कोणता?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत जितका सोपा आहे तितका बडोद्यात नाही. आपल्या घरात मराठी, गल्लीत आणि बाजारात गुजराती, शाळेत इंग्रजी आणि पिक्चरच्या पडद्यावर हिंदी असा चार भाषांचा व्यवहार असतो आणि मूल या चारींत सहज ये-जा करते. अडचण मुलाची नसते, आजी-आजोबांची आणि अगदी लहानग्यांची असते.

पाच ते आठ वयाच्या मुलांसाठी मी हिंदी आवृत्ती सुचवतो. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलालाही झपाट्याने बोललेले अमेरिकन इंग्रजी, त्यातले विनोद आणि शब्दांचे खेळ समजतातच असे नाही. ते चित्रावर हसते आणि संवाद सोडून देते. मोठ्या मुलांसाठी मूळ इंग्रजी चांगले, कारण डबिंगमध्ये गाण्यांचे बरेच नुकसान होते.

हिंदी आवृत्त्यांना आता नामांकित आवाज मिळतात. ‘मुफासा : द लायन किंग’ या डिसेंबर २०२४ च्या चित्रपटाला हिंदीत शाहरुख खान आणि त्यांच्या दोन्ही मुलग्यांचा आवाज आहे, तर ‘इनसाइड आउट २’ मधील रायलीला अनन्या पांडे यांचा. नामांकित आवाजाबद्दल आमच्याकडे दोन मते आहेत. काहींना त्यामुळे आपलेपणा वाटतो. मला आवाज ओळखू आला की पात्र मागे पडून कलाकार पुढे येतो असे वाटते. वर्षानुवर्षे डबिंग करणारे अनामिक कलाकार हे काम अधिक चोख करतात, कारण त्यांना ओठांच्या हालचाली सांभाळून बोलण्याची सवय असते. प, ब, म यांसारखे वर्ण उच्चारताना ओठ मिटतात, त्यामुळे पडद्यावरचे ओठ जेथे मिटतील तेथे असाच वर्ण असलेला शब्द बसवावा लागतो, आणि वाक्याचा अर्थही बदलता कामा नये. अमेरिकन ॲनिमेशनपटांत आवाज आधी ध्वनिमुद्रित करतात आणि ओठ त्या आवाजाप्रमाणे नंतर हलवतात, म्हणून दुसऱ्या भाषेतल्या लेखकाचे काम आणखी अवघड होते.

मराठीत हे चित्रपट येत नाहीत का?

येऊ शकतात, हे सिद्ध झाले आहे. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी व गुजराती या दोन्ही भाषा होत्या. बडोद्याच्या मराठी घराला याहून जवळची गोष्ट कोणती? तो अपवाद ठरला आणि मोठे ॲनिमेशनपट पुन्हा बहुधा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू एवढ्यांवरच थांबू लागले, याची मला मनापासून खंत वाटते.

याचा परिणाम काय होतो ते आमच्या शेजारच्या आजींच्या बाजूला बसल्यावर कळते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या आजी नातवाबरोबर प्रत्येक पिक्चरला येतात. अंधारात त्या हळूच “हा आता काय म्हणाला रे?” असे विचारतात आणि नातू पडद्यावरची नजर न हलवता कुजबुजत्या मराठीत सांगत जातो. तो शब्दशः सांगत नाही. स्वतःची भर घालतो, एखाद्या पात्राला आजीच्या ओळखीतल्या कोणाचे तरी नाव देऊन टाकतो आणि आजी तोंडाला पदर लावून हसतात. मागच्या रांगेतून एकदा “शांति राखो ने” असे ऐकू आले, तेव्हा तो एवढासा होऊन गप्प बसला. त्या मुलाचे डबिंग मी ऐकलेल्या अनेक अधिकृत डबिंगांपेक्षा जिवंत होते, पण आजींना चित्रपट समजावा यासाठी नातवाला कुजबुजावे लागू नये, एवढी व्यवस्था व्हायला हवी. थिएटरचालक शो मागणी पाहून लावतात, म्हणून मराठी आवृत्ती उपलब्ध असेल तेव्हा दहा-बारा कुटुंबांनी मिळून व्यवस्थापकाकडे आधीच विचारणा करावी.

आपल्याकडच्या ॲनिमेशनपटांबद्दल प्रेक्षक काय म्हणतात?

बरीच वर्षे उत्तर एकच होते: “भावना चांगली, चित्र कच्चे.” जुलै २०२५ मध्ये आलेल्या अश्विन कुमार दिग्दर्शित ‘महावतार नरसिंह’ने हे चित्र बदलले. त्यात कोणी मोठा तारा नव्हता आणि पहिल्या दिवशी फारशी गर्दीही नव्हती. पाहून आलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितले, त्यांनी तिसऱ्यांना, आणि जगभरातील कमाई ३०० कोटी रुपयांच्या पलीकडे गेली. बडोद्यात नरसिंहजीच्या पोळीतले, म्हणजे जुन्या गल्लीतले, मंदिर आणि देवदिवाळीला निघणारा नरसिंहजीचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, लहानपणापासून पाहिलेल्या लोकांनी हा चित्रपट भक्तिभावाने पाहिला यात नवल नाही. ज्यांना चित्रकलेची जाण आहे अशांनी मात्र सांगितले की शेवटची लढाई डोळे दिपवणारी असली तरी साध्या प्रसंगांतले माणसांचे चेहरे आणि चालणे अजून ताठर आहे. दोन्ही मते खरी आहेत. हा दशावतारांवरील नियोजित चित्रपटमालिकेचा पहिला भाग आहे आणि परशुरामांवरचा पुढचा भाग २०२७ साठी जाहीर झालेला आहे, त्यामुळे पुढचा भाग पहिल्याच्या तोडीचा होतो का, ही चर्चा आता आपल्या घरच्या चित्रपटाबद्दलही करावी लागणार आहे.

ती चर्चा आपण एकदा केलेलीही आहे. २००५ मध्ये ‘हनुमान’ आला आणि लहान मुलांनी तो डोक्यावर घेतला. २००७ मध्ये अनुराग कश्यप यांनी ‘रिटर्न ऑफ हनुमान’ केला, त्यात हनुमान आजच्या काळात शाळकरी मुलगा होऊन येतो. तेव्हा माझे वय पहिल्या भागासाठी थोडे जास्तच होते, तरी मला दुसरा अधिक आवडला, कारण देवाला गृहपाठ करावा लागतो ही कल्पना मुलाच्या डोक्यातून निघाल्यासारखी होती. माझ्या आईला ते अजिबात रुचले नाही. पुराणकथेच्या पुढच्या भागात ही अडचण राहणारच: गोष्ट सर्वांना माहीत असते, त्यामुळे नवे केले तर श्रद्धा दुखावते आणि जुनेच केले तर पुढच्या भागाची गरज काय, असा प्रश्न पडतो.

बडोदेकर म्हणून एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनाचे विद्यार्थी. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आधी त्यांनी कुंडीतल्या रोपाचे ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपून अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली होती आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये काड्या नाचवल्या. एका सेकंदाला चोवीस चित्रे या आजच्या हिशेबाने दीड तासाच्या चित्रपटाला १,२९,६०० चित्रे लागतात. सुट्टीत मुलांना मोबाइलवर अशी एखादी काडी दहा सेकंद चालवून दाखवायला सांगावे. पडद्यावरच्या कामाबद्दल त्यांचे मत नंतर अधिक विचारपूर्वक येते.

जुना रामायणावरील ॲनिमेशनपट पुन्हा लागला होता, तो मुलांना आवडला का?

युगो साको आणि राम मोहन यांच्या भारतीय-जपानी सहकार्यातून नव्वदीच्या सुरुवातीला बनलेला हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ रोजी भारतातील थिएटरांत आला. संगणकाच्या चकचकीत प्रतिमांना सरावलेली मुले हाताने काढलेल्या चित्रांना कंटाळतील असे आम्हाला वाटले होते, पण तसे झाले नाही. एका मुलाने विचारलेला प्रश्न टिपणवहीत आहे: “हे ढग कुणी रंगवले?” संगणकाच्या चित्रपटानंतर असा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही.

प्रमाणपत्रावरचे आकडे कसे वाचावेत?

पूर्वी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोग्या चित्रपटांना ‘यूए’ असा एकच शेरा असे. आता त्याचे ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन प्रकार झाले आहेत. हे आकडे पालकांसाठी सूचना आहेत, मुलाला दारात अडवण्यासाठी नाहीत. अडवणूक फक्त ‘ए’ प्रमाणपत्राला होते. त्यामुळे जबाबदारी आपलीच आहे. “कार्टून आहे, चालेल” असे म्हणून सहा वर्षांच्या मुलाला हिरण्यकशिपूचे पोट फाडण्याचे दृश्य दाखवणारे आईवडील मी पाहिले आहेत, आणि ते मूल रात्री झोपले नाही हेही ऐकले आहे. चमकत्या दिव्यांचा त्रास होणारे कोणी असेल तर आधी चौकशी करावी. ‘इन्क्रेडिबल्स २’ च्या वेळी थिएटरांत तशा सूचना लावाव्या लागल्या होत्या.

थ्रीडीसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का?

सात वर्षांखालील मुलांसाठी देऊ नयेत. मोठ्या मापाचा चष्मा लहान नाकावर टिकत नाही. आम्ही मागे रबरबँड बांधून पाहिला, तरी मूल दर पाच मिनिटांनी तो वर सरकवत राहते आणि शेवटी चष्मा काढून धूसर चित्र पाहते. शिवाय चष्म्यामुळे डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड निम्म्याहून कमी होतो. एका थिएटरात दिवाच मंद होता, तेव्हा रात्रीची सगळी दृश्ये आम्ही अंदाजाने पाहिली.

खर्च फार होतो. घरीच पाहिले तर?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणून सकाळचा स्वस्त शो शोधावा. ज्या चित्रपटाबद्दल शंका असेल तो ओटीटीवर येईपर्यंत थांबण्यात काही नुकसान नाही. घरी मात्र मुले आवडते दृश्य वीस वेळा पाहतात आणि उरलेला चित्रपट पाहतच नाहीत.

शेवटची नावे संपेपर्यंत बसावे का?

होय. ‘मोआना २’ आणि ‘इनसाइड आउट २’ या दोन्हींत नावांच्या मध्ये किंवा नंतर छोटे प्रसंग आहेत.

सगळे पुढचेच भाग येतात, नव्या गोष्टी का नाहीत?

नव्या गोष्टी येतात; आपण त्यांना जात नाही. ‘एलिओ’ ही अगदी नवी कथा जून २०२५ मध्ये आली आणि पिक्सारच्या चित्रपटांपैकी सर्वांत कमी पहिल्या आठवडाअखेरीची नोंद तिच्या नावावर झाली. असा चित्रपट बनायला चार-पाच वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो, तेव्हा निर्माते ओळखीच्या पात्राकडे वळले तर त्यांना एकट्यांनाच दोष देता येत नाही. आमच्या गटाने त्यानंतर ठरवले आहे की वर्षातून निदान एक चित्रपट असा पाहायचा ज्याचे कोणतेही पात्र आधी माहीत नाही. ‘द वाइल्ड रोबॉट’ असाच निवडला होता. जंगलातले एक यंत्र हंसाचे अनाथ पिल्लू वाढवते ही गोष्ट पाहताना मुलांपेक्षा आयांच्या डोळ्यांना अधिक वेळा रुमाल लागला.

भाषेचा अडथळा नसलेला एखादा चित्रपट आजीसह सर्वांना दाखवता येईल का?

‘फ्लो’ दाखवावा. लाटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोडिस यांनी ब्लेंडर या मोफत मिळणाऱ्या संगणकप्रणालीवर तो बनवला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. पुराच्या पाण्यात एक मांजर आणि इतर काही प्राणी एका होडीत सापडतात. त्यांत कोणीही एक शब्द बोलत नाही. आम्ही तो एका घरी दिवाणखान्यात सर्वांनी मिळून पाहिला. शेजारच्या आजी नातवाकडे एकदाही वळल्या नाहीत. अर्ध्या वाटेवर नातवानेच त्यांना विचारले, “आजी, हे पाणी कुठून आलं?” आणि आजी म्हणाल्या, “थांब, बघू दे मला.”